छातीतल्या धडधडीवर ॲब्लेशन: तयारी कोणत्या क्रमानं करायची आणि चुका कुठे होतात

धडधड एकदम सुरू होते. ठोके मिनिटाला दीडशे-दोनशेवर जातात, घशाशी काहीतरी उडतंय असं वाटतं, आणि अर्ध्या तासानं सुरू झाली तशीच ती एकदम थांबते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत, ईसीजी नॉर्मल. ‘गॅस असेल’, ‘टेन्शन घेता’ हे ऐकत माणसं वर्षं काढतात. शेवटी आजार सापडतो, ॲब्लेशनची तारीख मिळते, आणि तयारीतल्या एका चुकीपायी ती तारीख वाया जाते.

आमचं तसंच झालं. बायकोला घेऊन तासगावहून पुण्याला गेलो. भरती झाली, कॅथलॅबमध्ये नेलं, आणि दोन-अडीच तासांनी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “धडधड सुरूच होत नाहीये, मग जाळायचं कुठे?” ठोके आवरणारी गोळी तिनं आदल्या रात्रीपर्यंत घेतली होती. तिच्या हातावर ती मीच ठेवली होती. दीड महिन्यानं पुन्हा गेलो तेव्हा काम झालं. त्यानंतर तासगाव, पलूस, मिरज, कऱ्हाडकडची ओळखीची माणसं फाईल घेऊन माझ्याकडे यायला लागली. त्यांच्या चुका जवळपास त्याच असतात, म्हणून हे क्रमानं लिहून ठेवतोय. गोळ्यांचा शेवटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. त्यांना काय विचारायचं आणि कधी विचारायचं, ते इथे आहे.

आधी एक गैरसमज. ‘हार्टचं ऑपरेशन’ म्हटलं की घरचे छाती उघडणार असं धरून चालतात. ॲब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून बारीक तारा, म्हणजे कॅथेटर, हृदयापर्यंत नेतात. ठोक्याची वीज कुठल्या वाटेनं चुकीची फिरते ते शोधतात. त्याला ईपी स्टडी म्हणतात. मग कॅथेटरच्या टोकानं त्या जागेचा काही मिलिमीटरचा तुकडा तापवून निकामी करतात, त्याला आरएफ ॲब्लेशन म्हणतात. ५० अंश सेल्सियसच्या वर तापलेला भाग पुन्हा वीज वाहून नेत नाही. काही ठिकाणी तापवण्याऐवजी गोठवतात. धडधडीवर छाती उघडून केली जाणारी शस्त्रक्रियाही आहे, तिला मेझ म्हणतात, पण ती बहुतेक वेळा झडपेचं किंवा बायपासचं ऑपरेशन होणारच असेल तर त्याच्या जोडीनं करतात.

## टप्पा १: आपली धडधड कोणत्या जातीची, ते लिहून घ्या

पुढची सगळी तयारी यावर ठरते. तरीही दहातल्या आठ जणांना विचारलं तर ‘ठोके वाढतात’ एवढंच सांगता येतं. फाईलवर नाव लिहून घ्या: एसव्हीटी, डब्ल्यूपीडब्ल्यू (जन्मतः असलेली विजेची जास्तीची वाट), एट्रियल फ्लटर (वरचा कप्पा ठराविक लयीत फडफडतो), एट्रियल फिब्रिलेशन (वरचा कप्पा बेलयीत थरथरतो) की व्हीटी.

एसव्हीटीत ठोके जलद पण घड्याळासारखे नियमित पडतात. तिचा सगळ्यात नेहमीचा प्रकार एव्हीएनआरटी. त्यात ॲब्लेशन शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांना लागू पडतं, आणि मूळ विजेच्या वाटेला इजा होऊन पेसमेकर लागण्याचा धोका साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी असतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये नाडी कशीही पडते. तिथे यश कमी, आणि बऱ्याच जणांना दुसऱ्यांदा ॲब्लेशन करावं लागतं. शेजाऱ्याची एसव्हीटी एका दिवसात गेली म्हणून आपल्या वडिलांचं फिब्रिलेशनही तसंच जाईल असं धरू नका. व्हीटी खालच्या कप्प्यातून येते. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांत ती जिवावर बेतू शकते. ती तयारी पूर्णपणे डॉक्टरांच्या हातात असते आणि या लेखात ती बसत नाही.

तपासा: प्रकाराचं नाव, २डी इकोचा रिपोर्ट, थायरॉईड, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम फाईलला आहेत का? थायरॉईड वाढलेलं असेल तर आधी त्याचा इलाज. तो झाला की कित्येकांची धडधड ॲब्लेशनशिवाय आटोक्यात येते.

## टप्पा २: धडधड चालू असतानाची ईसीजी पट्टी मिळवा

माझ्या मते सगळ्या तयारीत मोलाची गोष्ट हीच, आणि सगळ्यात जास्त हेळसांडही हिचीच होते. डॉक्टर नॉर्मल ईसीजीवरून अंदाज बांधतात. झटका चालू असतानाच्या पट्टीवरून त्यांना नेमकं कळतं.

१. झटका आला की मोठ्या हॉस्पिटलकडे धाव घेऊ नका. ईसीजी मशीन असलेला सगळ्यात जवळचा दवाखाना आधीच हेरून ठेवा, गावचं प्राथमिक आरोग्य केंद्रही चालेल. तासगावहून मिरजेला जाईपर्यंत आमचा झटका तीनदा थांबला होता.

२. दारातच सांगा, “आधी ईसीजी काढा, इंजेक्शन नंतर.” बारा लीडचा पूर्ण ईसीजी हवा.

३. धडधड तोडणारं ॲडेनोसिनचं इंजेक्शन देणार असतील तर ते जात असताना पट्टी चालू ठेवायची विनंती करा. धडधड कशी तुटली, हे त्या चार-पाच सेकंदांत दिसतं आणि ईपीच्या डॉक्टरांना तेच हवं असतं. ते काही सेकंद छाती आवळते, जीव जातोय असं वाटतं. पेशंटला आधी सांगून ठेवा.

४. झटका थांबल्यावरची पट्टीही घ्या. डब्ल्यूपीडब्ल्यूची खूण नेमकी शांत असतानाच्या ईसीजीत दिसते.

५. पट्टीचा फोटो लगेच काढा, मागे तारीख-वेळ लिहा आणि त्याच दिवशी झेरॉक्स मारा.

पट्टीला लॅमिनेशन करू नका. बहुतेक मशीनचा कागद उष्णतेवर छापणारा असतो. मी पहिली पट्टी नीट राहावी म्हणून बसस्टँडजवळच्या दुकानात लॅमिनेट करायला दिली. मशीनमधून ती बाहेर आली तेव्हा सगळी काळी होती, पाटीसारखी. दोन वर्षांत मिळालेली ती एकच पट्टी होती. गाडीच्या डिकीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवलेली पट्टीही अशीच खराब होते, आणि तशीच फाईलमध्ये पडून राहिली तरी वर्षा-दोन वर्षांत फिकी पडते.

झटका थांबवायचा घरचा उपाय पट्टी काढून झाल्यावर, किंवा दवाखाना लांबच असेल तर. अर्धवट टेकून बसायचं, १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतकी जोरात फुंकर १५ सेकंद मारायची, मग कुणीतरी लगेच आडवं करून दोन्ही पाय उचलून १५ सेकंद धरायचे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत या पद्धतीनं ४३ टक्के जणांची एसव्हीटी थांबली, तर नुसतं बसून फुंकणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांची. फरक पाय उचलण्यानं पडतो, आणि माणसं तेच विसरतात. ही पद्धत आपल्याला चालेल का, ते शांत असताना डॉक्टरांना विचारून ठेवा. धडधड थांबवायला म्हणून म्हाताऱ्या माणसाची मान चोळू नका.

थांबा: चक्कर येऊन पडले, छातीत दुखतंय, दम लागलाय, घामानं अंग गार पडलंय, तर पट्टीचा विचार सोडा आणि १०८ लावा.

## टप्पा ३: गोळ्यांचे दोन डबे करा

इथे माणसं नेमकं उलटं करतात. ऑपरेशन आहे म्हणून रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करतात, आणि धडधड वाढेल या भीतीनं ठोक्याची गोळी शेवटपर्यंत घेतात. बहुतेकांना करायचं असतं याच्या अगदी उलट. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या स्टीलच्या दोन डब्यांत वेगळ्या करा आणि दोन्हींची यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

पहिला डबा, ठोके आवरणाऱ्या गोळ्या: मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, व्हेरापामिल, डिल्टियाझेम, सोटालॉल, फ्लेकेनाईड, ॲमिओडॅरोन. एसव्हीटीच्या ईपी स्टडीत डॉक्टर मुद्दाम धडधड सुरू करून तिची वाट शोधतात. गोळीचा अंमल अंगात असला तर ती सुरूच होत नाही. म्हणून बहुतेक गोळ्या साधारण ३ ते ५ दिवस आधी बंद करायला सांगतात. ॲमिओडॅरोन अंगातून उतरायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून तिच्याबद्दल तारीख घेतानाच विचारा.

फसगत होते ती जोडगोळीत. रक्तदाबाच्या कितीतरी गोळ्यांत टेल्मिसार्टन किंवा ॲम्लोडिपिनबरोबर मेटोप्रोलॉल असतं. ‘ती बीपीची आहे, ठोक्याची नाही’ म्हणून माणसं ती चालू ठेवतात. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. अर्धशिशी किंवा हात थरथरण्यावरच्या गोळीतही प्रोप्रॅनोलॉल निघू शकतं.

सावध: या गोळ्या मनानं बंद करू नका. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असेल तर मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम तोडणं धोक्याचं असतं. फिब्रिलेशनमध्ये त्या चालूच ठेवायलाही सांगतात. ‘कोणती गोळी, कोणत्या तारखेपासून बंद’ हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. फोनवरचं तोंडी ऐकून चालू नका, आमची चूक तिथेच झाली.

गोळ्या बंद असलेल्या दिवसांत झटका येऊ शकतो. त्या दिवसांत गाडी चालवायची नाही, विहिरीवर एकटं जायचं नाही, ट्रॅक्टरवर बसायचं नाही, द्राक्षबागेत शिडीवर चढायचं नाही. तारीख ऐन छाटणीत आली असेल तर मजुरांची सोय आधी लावा, कारण परतल्यावरही आठवडाभर काम होणार नाही.

दुसरा डबा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: फिब्रिलेशन आणि फ्लटरमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊ शकते. ती निसटून मेंदूत गेली तर लकवा मारतो. म्हणून ॲब्लेशनआधी निदान ३ आठवडे ही गोळी खंड न पाडता घ्यायची असते, आणि बरेच डॉक्टर ती ॲब्लेशनच्या दिवशीही चालू ठेवतात. एक डोस जरी चुकला असेल तरी लपवू नका, भरती होताना सांगा. गुठळी नाही ना, ते पाहायला अन्ननलिकेतून इको करतात. वॉर्फरिन किंवा ॲसेनोकुमरॉल चालू असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी) साधारण २ ते ३ मध्ये ठेवायला सांगतात, त्याचे शेवटच्या महिन्यातले रिपोर्ट तारखेनं लावून ठेवा.

मायट्रल झडप आकसलेल्या पेशंटसाठी एक खास सूचना. लहानपणच्या सांधेतापानं झडप गेलेली माणसं आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. आयएनआरच्या फेऱ्या वाचतील म्हणून त्यांना कुणी रक्त पातळ करायची नवी गोळी सुचवली तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. मध्यम किंवा जास्त आकसलेल्या झडपेत वॉर्फरिनच्याच जातीची गोळी लागते.

मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल वेगळं विचारा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी निदान ३ दिवस थांबवतात. इन्सुलिनचा डोसही उपाशी असताना बदलतो. काढे आणि चूर्णं घेत असाल तर तीही सांगा.

## टप्पा ४: योजना आणि पैसे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण मंजुरी आधी घ्यावी लागते. पैसे भरून नंतर परत मागू, असं चालत नाही. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, नुसतं “हार्टचं योजनेत होतं का?” असं विचारू नका. “ईपी स्टडी आणि आरएफ ॲब्लेशन या हॉस्पिटलात योजनेतून होतं का, आणि थ्रीडी मॅपिंग लागलं तर वरचा खर्च कुणाचा?” असं विचारा. थ्रीडी मॅपिंग म्हणजे विजेच्या वाटेचा संगणकावरचा नकाशा. अँजिओप्लास्टी होणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ॲब्लेशन होतंच असं नाही.

रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का, ते घरीच पाहा. लग्नानंतर बदललेलं नाव हे नेहमीचं दुखणं. पुण्यात बसून तहसील कचेरीचं काम होत नाही.

## टप्पा ५: निघण्याआधीचे दोन दिवस

- ताप, खोकला किंवा जुलाब असतील तर फोन करून सांगा. तारीख पुढे गेलेली परवडते.
- जांघेत नायटा किंवा गळू असेल तर आठवडाभर आधी दाखवा. तार तिथूनच घालतात. लाजेपोटी माणसं हे टेबलावर जाईपर्यंत सांगत नाहीत.
- जांघेतले केस घरी वस्तऱ्यानं काढू नका, कापतं आणि जंतू जातात. हॉस्पिटलात मशीननं काढतात.
- बाईमाणसाची पाळी चुकली असेल तर सांगायलाच हवं, कारण एक्स-रे वापरतात.
- आदल्या दिवशीच पोचा. कोयना एक्स्प्रेस मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा करत पुण्याला जाते. गाडीनं जाणाऱ्यांनी वाटेतली कोंडी हिशेबात धरावी.
- उपास म्हणजे साधारण ६ तास खाणं नाही. चहा, दूध, बिस्किट हे खाण्यातच येतं. साधं पाणी कधीपर्यंत चालेल ते विचारा.

## टप्पा ६: ॲब्लेशनचा दिवस

एसव्हीटीत पेशंट बहुधा जागा असतो, फक्त जांघ बधिर करतात. आत गेल्यावर ते मुद्दाम धडधड सुरू करतील. घाबरायचं नाही, तेच तर हवं असतं. जाळताना छातीत जळजळल्यासारखं झालं तर तोंडानं सांगा, अंग हलवू नका. काम झाल्यावर साधारण अर्धा तास थांबून ते पुन्हा धडधड सुरू करून बघतात. म्हणून ‘झालं’ म्हटल्यावरही पेशंट लगेच बाहेर येत नाही. फिब्रिलेशनला वेळ जास्त लागतो आणि बहुतेक ठिकाणी पूर्ण झोपवतात.

## टप्पा ७: पुढचे सहा तास आणि डिस्चार्ज

चार ते सहा तास पाय सरळ ठेवून, उताणं पडून राहायचं. गुडघा वाकवायचा नाही, मान उचलून पाणी प्यायचं नाही, स्ट्रॉनं प्यायचं. खोकला किंवा शिंक आली तर जांघेवरची पट्टी तळहातानं दाबून धरायची. लघवी भांड्यात. ‘मला जमत नाही, बाथरूमला जातो’ म्हणून उठणाऱ्याचाच रक्तस्राव होतो.

तपासा: छातीत वाढतं दुखणं, दम, चक्कर, उतरलेलं बीपी यांतलं काही दिसलं तर त्याच मिनिटाला सिस्टरना बोलवा. हृदयाभोवती रक्त साठणं दुर्मिळ, पण वेळेत सापडलं तर सावरता येतं.

डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी आहेत का ते पाहूनच निघा: कुठे ॲब्लेशन केलं, कोणती जुनी गोळी कायमची बंद, कोणती किती दिवस चालू. जुन्या सवयीनं मेटोप्रोलॉल घेत राहणारे आणि मग थकवा येतोय म्हणून पुन्हा दवाखाना गाठणारे मी पाहिलेत.

## टप्पा ८: घरी परतल्यावर

पुण्याहून सांगलीचा पल्ला दोनशे किलोमीटरच्या वर आहे. जमलं तर त्या रात्री पुण्यातच थांबा. निघाल्यावर तासा-दीड तासानं उतरून पाच मिनिटं चाला.

आठवडाभर उकिडवं बसायचं नाही, म्हणजे भारतीय पद्धतीचा संडास नाही. प्लास्टिकची कमोड खुर्ची आधीच आणून ठेवा, ही गोष्ट हॉस्पिटलात कुणी सांगत नाही. पाण्याची घागर, दुधाचा कॅन, सिलिंडर उचलायचा नाही. गाडीला किक मारायची नाही.

जांघेत निळं-काळं पडणं, सुपारीएवढी गाठ लागणं, हे चालतं. गाठ वाढत असेल किंवा बोटाखाली नाडीसारखी उडत असेल तर सोनोग्राफी करून घ्या. रक्त आलंच तर आडवं करा आणि पट्टीवर तळहातानं १० मिनिटं घट्ट दाबा. मध्ये उचलून बघायचं नाही. थांबलं नाही तर दाब तसाच ठेवून दवाखाना गाठा.

एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणं काही आठवडे चालतं. फिब्रिलेशनमध्ये पहिल्या दोन-तीन महिन्यांत आलेली धडधड म्हणजे ॲब्लेशन फसलं असं नाही, जखम भरत असते. रक्त पातळ करायची गोळी त्यानंतर निदान २ महिने घ्यायचीच. पुढे किती दिवस, हे वय, बीपी, मधुमेह, आधीचा लकवा यांवर ठरतं. नाडी सुरळीत झाली म्हणून ती आपण बंद करायची नसते.

फिब्रिलेशनचं ॲब्लेशन झालेल्यांनी हे फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवा: पुढच्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, रक्ताची उलटी किंवा हातापायात एकाएकी कमजोरी आली तर ते साधं दुखणं समजू नका. वरच्या कप्प्यामागेच अन्ननलिका असते, आणि क्वचित दोघांमध्ये छिद्र पडतं. जिथे ॲब्लेशन झालं तिथे तात्काळ फोन करा. स्थानिक डॉक्टरांना “डाव्या वरच्या कप्प्याचं ॲब्लेशन झालंय” असं सांगा. छातीचा सीटी स्कॅन होण्याआधी घशातून दुर्बीण (एंडोस्कोपी) घालू देऊ नका, दुर्बिणीतून सोडलेली हवा त्या छिद्रातून हृदयात जाऊ शकते. तापाची गोळी घेऊन दोन दिवस वाट पाहणं इथे जिवावर बेततं.

महिन्याच्या तपासणीला डिस्चार्जचा कागद, गोळ्यांचे दोन्ही डबे आणि नाडीची वही घेऊन जा. वहीत रोज सकाळी अंथरुणातच पूर्ण एक मिनिट मोजलेली नाडी लिहायची: किती, आणि नियमित की वेडीवाकडी. पुन्हा झटका आलाच तर त्याच जवळच्या मशीनवर पट्टी काढा, फोटो ईपीच्या डॉक्टरांना पाठवा, आणि मूळ पट्टी झेरॉक्ससकट साध्या कागदी पाकिटात ठेवा.